पाठमोरा चहा

गादीवालीला गल्लीत सगळे समाजसेविका म्हणत, आणि ती कधी नाही म्हणत नसे. नाही म्हटलं असतं तर खरं कारण सांगावं लागलं असतं, आणि खरं कारण इतकंच होतं की तिचा नवरा तळमजल्यावर झोपायचा.

गल्लीच्या मागून एक ओढा वाहत होता. गल्ली संपते तिथे तो रस्त्याखालच्या मोरीत शिरायचा आणि पलीकडे निघून जायचा. त्या मोरीच्या तोंडाशी, ओढ्याला पाठ लावून, गादीवालीचं घर. मोरी तुंबली की पाणी आल्या वाटेने मागे फिरायचं आणि पहिली भेट द्यायचं ते तिच्या खालच्या खोलीला. त्या खोलीत तिचा नवरा, पूर्वीचा घड्याळजी, अर्ध्या अंगावरून वारं गेल्यापासून अकरा वर्षं खाटेवर होता. जिना असा चिंचोळा आणि वळणाचा की त्याला वर न्यायचं तर आधी चार धट्टीकट्टी माणसं आणि मग एक गवंडी लागला असता.

दोन वर्षांपूर्वी, गल्लीने मिळून करायची ओढ्याची वार्षिक साफसफाई होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा काठावर ठेवलेलं कुणाचं तरी कपाट घसरलं आणि मोरीच्या तोंडावर झाकणासारखं बसलं. भरदुपारी पाणी आत आलं. गादीवाली आणि तिची नणंद, दोघींनी मिळून खाट उचलली. एक पाय उचलायचा, खाली वीट सरकवायची, मग पुढचा पाय. वर घड्याळजी इकडून तिकडे कलंडत विचारत होता, "होडी सुटायला अजून किती वेळ आहे?" नणंद हसली. गादीवालीला हसायला फुरसत नव्हती, ती पाणी कितव्या विटेपर्यंत आलंय ते बघत होती.

तेव्हा निसर्गप्रेम वगैरे काही नाही. मोरी मोकळी राहिली पाहिजे, बस्स. पण दरवर्षी साफसफाई संपली की रिटायर हेडमास्तर घसा साफ करून तिच्याबद्दल 'निःस्वार्थ' हा शब्द किमान तीनदा वापरायचे, आणि ती मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, काय हा विनय!

धंद्याने ती गाद्या शिवायची आणि सोफ्या-खुर्च्यांची कापडं बदलायची. एकतीस वर्षं. गल्लीतल्या प्रत्येक बुडाखाली तिची शिलाई होती, असं म्हटलं तर ते असभ्य होईल पण खोटं होणार नाही. कुणाची खुर्ची डावीकडे दबलीय, कुणाच्या सोफ्यात मधोमध खड्डा पडलाय, कोणत्या जोडप्याच्या गादीची एकच बाजू वापरात आहे, हे सगळं तिला ठाऊक. ती कुणाला सांगत नसे. पण तिला ठाऊक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यामुळे गल्लीत तिचा एक वचक होता.

माणसं गोळा करायची तिची रीतही वचकाचीच. नोटीस लावली तर कुत्रंही येत नाही, हे तिने पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. म्हणून महिनाभर आधीपासून ती रोज संध्याकाळी दोन-दोन घरं करायची. बेकरीवालीला सांगायचं, "इस्त्रीवाला म्हणतोय तुला काही जमायचं नाही." इस्त्रीवाल्याला सांगायचं, "बेकरीवाली विचारत होती, तो येणार असेल तरच मी येते." दवाखान्यातल्या दोन नर्सना सांगायचं, हेडमास्तरांची तब्येत तोळामासा, कुणीतरी जाणतं जवळ हवं. हेडमास्तरांना सांगायचं, तुमच्या शिट्टीशिवाय माणसं हलत नाहीत. चाळीस-चाळीस माणसं जमवली होती तिने अशी, एकेक काडी लावून.

यंदा मात्र गुडघे बोलायला लागले होते. तिसऱ्या संध्याकाळी ती चौथ्या पायरीवरून परत फिरली आणि घरी येऊन खाटेच्या कडेला बसली.

"झाली का दोन घरं?" नणंदेने विचारलं.

"एक झालं. दुसऱ्याला खालूनच हाक मारली."

"खालून हाक मारून कोण येतंय वहिनी? तू समोर उभी राहतेस म्हणून येतात. डोळ्यांत बघतेस ना त्यांच्या."

"मग तुम्ही जा की वन्सं. तुमचे गुडघे आहेत ना शाबूत."

"मला बाई नाही जमायचं. मी डोळ्यांत बघितलं की लोक म्हणतात, हिला काहीतरी उसनं हवंय."

घड्याळजी खाटेवरून म्हणाला, "मी जातो. मला दारोदार फिरवा. माझ्याकडे बघून सगळा गाव ओढ्यात उतरेल."

"गप बसा हो," गादीवाली म्हणाली, पण तिने त्याचा पाय मात्र जवळ ओढून चोळायला घेतला. चोळता चोळता तिचाच डोळा लागला.

तर रविवारी सकाळी सातला माणसं जमली अकरा. हेडमास्तर शिट्टी गळ्यात अडकवून, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून, कुठल्याही क्षणी शस्त्रक्रियेला लागतील अशा थाटात. इस्त्रीवाला. दोन्ही नर्स, रात्रपाळी संपवून तशाच, जांभया देत. बाकीचे दरवर्षीचेच, फक्त एकेक वर्षाने जुने झालेले. पालिकेचा ट्रक तीनला येणार होता आणि पाचला जाणार होता. एक ट्रक, एक खेप. एवढ्यासाठीसुद्धा गादीवालीने पालिकेत पाच चकरा मारल्या होत्या.

गादीवाली स्वतः गमबूट चढवून मोरीच्या तोंडाशी उतरली. तिथे ती कुणाला येऊ देत नसे. प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, केस आणि गाळ यांचा एक घट्ट काळा लगदा तिथे बसलेला असतो आणि तो ओढून काढायचा नसतो, सोडवायचा असतो. हे काम जुनी गादी उसवण्यासारखंच आहे. एक धागा सापडला की सगळं मोकळं व्हायला लागतं. तिच्या हातात दाभण नव्हतं, आकडी होती, इतकाच फरक. पण यंदा धागा सापडायला अकरा वाजले. मध्ये दोनदा ती मोरीच्या भिंतीला टेकून नुसती उभी राहिली. आकडी पाण्यात, हात आकडीवर, डोळे मिटलेले.

"मावशी, बरं वाटतंय ना?" एका नर्सने वरून विचारलं.

"वाटतंय ना. तू झोप जाऊन, तुझे डोळे बघ."

"तुमचे बघा."

"माझे मिटलेत. मला कसे दिसणार?"

दुपारी दोनला मोरीतून पहिल्यांदा मोकळ्या पाण्याचा घळघळ आवाज आला. काठावर काळ्या गाळाचे ढीग, पोती, आणि त्यांच्यापासून वेगळ्या रांगेत मोठ्या वस्तू: एक सायकलची चौकट, दोन खुर्च्या, एक उशी, फुटकी पेटी, एक लहान मुलाची ढकलगाडी. या वस्तूंची रांग वेगळी का, तर तीच खरी गंमत.

फार पूर्वी, दुसऱ्याच वर्षी, असं झालं होतं की टेबलं-खुर्च्यांनीच ट्रक भरून गेला आणि गाळ तिथेच राहिला. आठवड्यात तो घसरून परत ओढ्यात. गाळ कुणाचा नसतो, पण खुर्ची कुणाची तरी असते. ज्याची त्याने न्यावी, भंगारवाल्याला द्यावी, काय वाटेल ते करावं. पण नेणार कसा? नेली म्हणजे टाकली होती हे कबूल केल्यासारखंच. सगळ्या गल्लीदेखत कोण आपली खुर्ची ओढ्यातून घरी नेईल? तेव्हा गादीवालीने युक्ती काढली. काम संपलं की सगळ्यांनी बेकरीच्या लांब भिंतीकडे तोंड करून बसायचं, ओढ्याकडे पाठ करायची आणि चहा प्यायचा. पंधरा मिनिटं. तेवढ्यात ज्याला जे ओळखीचं वाटेल ते त्याने उचलून न्यावं. कुणी मागे वळून बघायचं नाही, नंतर कुणी नाव काढायचं नाही.

त्याला नाव पडलं 'पाठमोरा चहा.' नऊ वर्षं तो बिनबोभाट चालला होता. भिंतीकडे तोंड करून ओळीने बसलेली माणसं, हातात कप, आणि मागून येणारे आवाज: चपलांची फटफट, लाकडाचा करकर आवाज, कुणाचं तरी दाबलेलं "अगं, तो पाय धर, पाय!" खोकल्यावरून माणूस ओळखू येई, पण सगळे मन लावून बेकरीच्या भिंतीवरचे पोपडे बघत. इस्त्रीवाला तर म्हणायचा की त्या भिंतीचा एकेक पोपडा त्याला पाठ आहे.

यंदाही बेकरीवाली मोठी किटली आणि टोस्टचा डबा घेऊन आली. माणसं भिंतीसमोर बसली. गादीवालीने पालथ्या बादलीवर बूड टेकलं आणि तिच्या लक्षात आलं की आता आपल्याला उठवणार नाही. कमरेपासून खाली आपलं काही उरलंच नाही असं तिला वाटलं. चहा पोटात गेला, पाठीवर ऊन पडलं होतं, मोरीचा आवाज येत होता. पंधरा मिनिटं झाल्यावर हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं आणि शिट्टी ओठांत धरली.

"राहू द्या हो जरा," गादीवाली म्हणाली. "अजून पंधरा मिनिटं. कुणाचं राहिलं असेल."

"नियम पंधराचा आहे."

"नियम माझाच आहे ना? मग माझे गुडघे आत घ्या त्या नियमात."

चूक झाली ती इथेच. पंधरा मिनिटांत माणूस आपली लाज उचलून घरी नेऊ शकतो, त्याहून जास्त काही नाही. अर्धा तास मिळाला की तो घरी जातो, पोटमाळ्यावर नजर टाकतो, बायकोशी दोन शब्द बोलतो आणि विचार करू लागतो: ट्रक तर येणारच आहे, बघणारं तर कुणी नाही.

मागून आवाज वाढले. पायांची ये-जा वाढली. "बघा," गादीवाली डोळे मिटूनच नर्सला म्हणाली, "यंदा किती जण नेतायत! माणसं सुधारली बाई." नर्स भिंतीला डोकं टेकून केव्हाच झोपली होती.

तीनला शिट्टी वाजली. सगळे वळले.

आधी कुणालाच कळेना. समोर एक आरसा उभा होता आणि त्यात ते अकरा जण, बेकरीवाली आणि किटली, सगळे आ वासून स्वतःकडेच बघत होते. तो आरसा होता एका ड्रेसिंग टेबलाचा. त्याच्या शेजारी मरून सोफा. पलीकडे लोखंडी कपाट, उताराकडे किंचित झुकलेलं. आरामखुर्ची. पंखा. गुंडाळलेली गादी. ढकलगाडी आणि सायकल होती तिथेच होती, आणि त्यांच्यामागे उतारभर नवा संसार मांडला होता.

हेडमास्तरांनी ड्रेसिंग टेबलावरून बोट फिरवलं. "धूळ," ते म्हणाले. "ओढ्यातून निघालेल्या वस्तूवर धूळ कशी?"

"सर, ती ओढ्यातून नाही, घरातून निघालीय," इस्त्रीवाला म्हणाला.

तेवढ्यात ट्रक आला. ट्रकवाला खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्याने उतार डोळ्यांखालून घातला आणि म्हणाला, "कोण कुठे राहायला चाललंय?"

"गाळ आधी घ्या," गादीवाली म्हणाली.

"घेतो. पण गाळाने ट्रक भरतो बाई. हे तुमचं तुम्ही बघा. मी पाचला जाणार, मग परत पुढच्या वर्षी."

गाळ भरता भरता चार वाजले. अकरा जणांतले चार हळूच कुणाचं तरी औषध, कुणाचा तरी फोन असं पुटपुटत निसटले. ट्रक काठोकाठ भरला, मागच्या कोपऱ्यात थोडी फट उरली तेवढीच. आणि उतारावर लोखंडी कपाट तसंच झुकलेलं. गादीवाली त्याच्याकडे बघत होती. कपाटाखालून मोरीच्या तोंडापर्यंत बारा पावलं, सगळा उतार. एक जोरदार सर पुरे. तिने मनातल्या मनात ते घसरताना पाहिलं, वळताना पाहिलं, मोरीवर बसताना पाहिलं. मग विटा. एक पाय, वीट, पुढचा पाय. दोन वर्षांपूर्वी तिला खाट उचलता आली होती. आता रिकामी खाट उचलवली असती का, याचीही खात्री नव्हती.

"काय करायचं मावशी?" इस्त्रीवाल्याने विचारलं. "ओढ्याकाठी दोरीने बांधून ठेवू?"

"कशाला बांधणार? आरशाला?"

ती पुन्हा बादलीवर बसली. दोनच गोष्टी होत्या. गप्प बसायचं, म्हणजे गल्लीत वचक, मान, 'निःस्वार्थ' सगळं शाबूत, आणि खाटेखाली पाणी. नाहीतर नऊ वर्षांचा नियम मोडायचा, आणि मग पुढच्या वर्षी हाका मारून मारून घसा बसला तरी दार कोण उघडणार? तिला पुढच्या वर्षाचा विचार करायलासुद्धा थकवा आला. तिने घसा खाकरला.

"हा सोफा," ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण ओढ्याकाठच्या खिडक्यांना तेवढा पुरे. "मरून कापड. हे मी दोनदा बदललंय. दुसऱ्यांदा बदललं तेव्हा आतून काय काय निघालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. अजून तरी नाही."

दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन बंद झाली. दोन मिनिटांत एक पुरुष आणि त्याचा मेहुणा खाली आले, कुणाकडे न बघता सोफ्याची दोन टोकं धरली आणि गेले. मेहुणा मागे वळून वळून त्या पुरुषाच्या तोंडाकडे बघत होता, म्हणजे त्या घरात रात्रीचं जेवण कसं झालं असेल ते आपण समजावं.

इस्त्रीवाला गादीवालीच्या कानाशी लागला. "काय निघालं होतं हो?"

"एक चमचा आणि दोन हेअरपिना."

"कुणाच्या?"

"त्याच्या बायकोच्या. पण ते त्याला कुठे माहितीय?"

पुढे काही वेळ तर ती जत्राच झाली. पंखा गेला, ड्रेसिंग टेबल गेलं, आरशात गल्ली उलटी डुलत गेली. ढकलगाडी आणि सायकलची चौकटसुद्धा कुणीतरी नेली, त्यांच्याबद्दल अजून चकार शब्द काढलेला नसताना. मग गादीवालीने आरामखुर्चीवर हात ठेवला. "ही खुर्ची. हिरवं कापड, पाठीला दुहेरी टाका, कारण बसणाऱ्याला डुलकी लागली की..."

"ही माझी आहे," हेडमास्तर म्हणाले.

गादीवालीने खुर्चीवरचा हात काढला.

"ही माझी खुर्ची आहे," ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी स्वतःशीच. "सकाळी मी हिच्यात बसून पेपर वाचला." त्यांनी हातमोजे काढले आणि खुर्चीचा हात चाचपून पाहिला, जसा आजारी माणसाचा हात चाचपावा तसा. ते भिंतीकडे तोंड करून चहा पीत बसले होते तेव्हा त्यांच्याच सूनबाईंनी ती बाहेर काढली होती. म्हणजे त्यांनी मागून ऐकलेल्या करकर आवाजांतला एक त्यांच्याच खुर्चीचा होता.

"उचलू का सर?" इस्त्रीवाला म्हणाला.

"नको. मी जरा बसतो." आणि ते ओढ्याकाठी, उतारावर, आपल्या खुर्चीत बसले. शिट्टी त्यांनी खिशात घातली. त्या दिवशी भाषण झालं नाही.

उरलं कपाट. कपाटाला शिलाई नसते, पण दाराच्या आतल्या कडेला जाड लोकरी कापडाची राखाडी पट्टी चिकटवलेली होती. दार वाजतं, झोपमोड होते म्हणून तीन वर्षांपूर्वी ती पट्टी गादीवालीनेच कापून दिली होती. तिने पट्टीवरून बोट फिरवलं आणि काही बोलली नाही. बोलायची गरज पडली नाही. बेकरीवाली किटली घेऊन उभीच होती.

"मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "नऊ वर्षं चहा दिलाय मी."

"दिलायस गं."

"भट्टी सोडून आलेय दरवेळी."

"माहितीय मला."

"एक कपाट. सगळ्यांनी ठेवलं म्हणून मीही कामगारांना ठेवायला सांगितलं. तुमच्याकडून हे ऐकायला..."

"मी कुठे काही बोलले?"

"बोलायला काय उरलंय?"

गादीवालीला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण हात गाळाने माखलेला होता. "ते घसरलं तर माझ्या नवऱ्याच्या उशाशी येतं, पोरी," ती म्हणाली. नऊ वर्षांत हे तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं. बेकरीवालीने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिने किटली खाली ठेवली, भट्टीवरचे दोघे कामगार बोलावले आणि कपाट मागल्या दाराने आत घेतलं. टोस्टचा डबाही नेला.

आता उतारावर एकच वस्तू होती: ती गुंडाळलेली गादी.

"हिचं काय?" ट्रकवाल्याने विचारलं. त्याला आता मजा यायला लागली होती. पाच वाजायला आले तरी तो जायचं नाव काढत नव्हता. "सांगा की बाई, कुणाची?"

गादीवालीने सुतळी सोडली. निळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, कडेला दोन बोटांवर एक टाका, कोपरे हाताने दुमडून बसवलेले. असे कोपरे ती गिऱ्हाइकांना करून देत नसे, एवढा वेळ कुणाकडे असतो? असे कोपरे तिने आयुष्यात एकाच गादीला केले होते. खालच्या बाजूला पाण्याचा तपकिरी डाग होता.

वरच्या खिडक्यांत बरीच डोकी जमली होती. खाली उरलेले सगळे तिच्याकडे बघत होते.

"माझी," ती म्हणाली.

क्षणभर कुणालाच हसावं की नाही ते समजेना. मग वरून कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणीतरी. सोफेवाल्याच्या खिडकीतूनही हसण्याचा आवाज आला आणि तो जरा जास्तच मोठा होता.

गर्दीमागून नणंद पुढे आली. पदराने तोंड पुसत. "मीच ठेवली. दोन वर्षं वरच्या खोलीत कुबट वास मारतेय. तुला टाकवत नव्हती, म्हटलं आपण टाकू."

"वन्सं, आजच मिळाला मुहूर्त तुम्हाला?"

"मग केव्हा? तूच तर अर्धा तास दिलास. पंधरा मिनिटांत मला जिन्यावरून खाली आणता आली नसती."

ट्रकवाल्याने मागच्या कोपऱ्यातल्या फटीकडे बोट दाखवलं. "आणा इकडे. एवढी बसेल. तुम्ही दिवसभर राबलाय."

गादीवालीने त्या फटीकडे पाहिलं. किती जवळ होती ती! दहा पावलं. कुणी अडवलंही नसतं. पण बेकरीचं मागलं दार अजून उघडंच होतं आणि आतून कपाट सरकवल्याचा आवाज येत होता.

"नको," ती म्हणाली. "जा तुम्ही. पाच वाजले."

ट्रक गेला. खिडक्या एकेक करून मिटल्या. इस्त्रीवाला हेडमास्तरांची खुर्ची घेऊन पुढे आणि हेडमास्तर त्याच्यामागे, असे ते दोघे निघून गेले. नर्सना तर पुन्हा कामावर जायचं होतं. नणंदेने गादीचं एक टोक धरलं, गादीवालीने दुसरं.

"वर धर वहिनी, घासतेय खाली."

"हाच माझा वर आहे. याच्या वर माझा हात जात नाही."

"मग मी पुढे होऊ?"

"तुम्ही पुढे झालात तेव्हाच तर हे झालं."

गल्लीत शिरल्यावर दोघींचा दम संपला. रस्त्याच्या मधोमध त्यांनी गादी खाली टाकली आणि तिच्यावरच बसल्या. एक सायकलवाला घंटी वाजवून बाजूने गेला. नणंदेने गादीचा एक कोपरा हातात धरला.

"एवढे कोपरे काढलेस होय गं दादासाठी," ती गादीकडे बघत म्हणाली. "मला आज दिसले."

"वास येतोय ना?"

"येतोय."

"मग उद्या उसवते. कापूस पिंजून बघते काही वाचतोय का."

"बघ. नाहीतर मी आहेच."

"तुम्ही नका राहू आता कशात, वन्सं. हात जोडते."

घरी पोचल्या तेव्हा दिवस कलला होता. गादी दाराशी टेकवून गादीवाली जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, खाटेसमोर. घड्याळजीचे डोळे लुकलुकत होते. खोलीची खिडकी ओढ्याकडे होती, त्यामुळे त्याचा दिवस झकास गेला होता.

"अगं, कपाट कुणाचं होतं? तेवढं ऐकू आलं नाही."

"नाव घेतलंच नाही कुणाचं."

"मला तर सांग. मी कुणाला सांगायला कुठे जाणार आहे?"

"नाही घेतलं म्हटलं ना."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. बाहेर मोरीतून पाणी एकसारखं पुढे जात होतं. "चांगली वाहतेय," तो म्हणाला. "पण बेकरीतून आज संध्याकाळचा पाव आला नाही."

गादीवालीने जिन्याच्या कठड्याला डोकं टेकलं.

"आणि पुढच्या वर्षी कोण येणार गं तुझ्या हाकेला?"

त्याने मान जमेल तेवढी वळवली. ती कठड्याला डोकं टेकून झोपली होती, तोंड उघडं, हात गाळाने काळे. नणंद वाकून तिच्या पायातला गमबूट ओढत होती. एक निघाला. दुसरा निघेना, तेव्हा तिने तो तसाच राहू दिला.